एक पाळी पाटाला: ग्रामपंचायतीला आणि गावच्या बागायतदारांना खुले पत्र

प्रति,
सरपंच व पंच सदस्य, ग्रामपंचायत,
जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सदस्य,
आणि गावातील समस्त बागायतदार,
तालुका सत्तरी, गोवा.

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरी रोजमेळाच्या जुन्या वह्या आहेत. १९७१ पासून माझ्या मामंजींनी त्या लिहिल्या आणि २००४ मध्ये ते गेल्यानंतर ते काम माझ्याकडे आले. सुपारी किती उतरली, मिरी किती वाळली, पाडेल्याला, म्हणजे नारळ-सुपारी पाडणाऱ्याला, काय दिले, बांध कोणत्या दिवशी घातला आणि पाण्याची पाळी कोणाकडे केव्हा होती, एवढाच त्यांतला मजकूर. मात्र मामंजींना समासात एखादी ओळ लिहून ठेवण्याची सवय होती: तळीवर बेडकाचा फेस दिसला, पावशा ओरडू लागला, आज काजवे फार, पाटात कुर्ल्यांची (खेकड्यांची) पिल्ले. यात त्यांना अभ्यास वगैरे काही करायचा नव्हता. पाऊस किती जवळ आला आणि बांध आणखी किती दिवस टिकवायचा, याचा अंदाज त्यांना या ओळींवरून येत असे. मीही ती सवय चालू ठेवली. गेल्या दहा-बारा वर्षांत एप्रिल आणि मे महिन्यांचे समास कोरे राहू लागले आहेत, आणि हे पत्र त्या कोऱ्या समासांविषयी आहे.

एका घरच्या वहीवरून साऱ्या गावाविषयी निष्कर्ष काढू नये, हे मला कळते. शिवाय आपले तरुणपण ज्याला-त्याला अधिक हिरवे दिसते, म्हणून निव्वळ आठवणीवर विसंबून मी इथे काही लिहीत नाही; मामंजींनी आणि मी, दोघांनीही जे लिहून ठेवले आहे तेवढेच सांगते. मलबारी उडता बेडूक पहिल्या पावसाच्या सुमारास पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाचे घरटे चिकटवतो आणि त्यातले बेडूकमासे खालच्या पाण्यात गळून पडतात. आमच्या तळीवरच्या जायफळाच्या फांद्यांना असे फेसाचे गोळे दर वर्षी लागत. मी शेवटचा गोळा पाहिला त्याला सात वर्षे झाली. केळीचे मोने (बुंध्याशी फुटलेली पिले) काढताना ओल्या मातीत देवगांडूळ, म्हणजे बेडकाच्या गोतातला बिनपायांचा प्राणी, सापडे. साप समजून कामगार त्याला मारायला धावत आणि मामंजी त्यांना थांबवत. आपल्या भागातील देवगांडुळाच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी २००७ साली गोव्याचेच नाव दिले, हे मला पुष्कळ नंतर समजले. त्या वेळी आमच्याकडे ते अजून सापडत होते. पाटाच्या कडेने शेपटी उडवत चालणारी पाणकोंबडी, पहाटे माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर, पाचोळा उलटापालटा करणारा नवरंग, पोफळीच्या बुंध्यावर चिकटलेल्या गोगलगायी, आणि मे महिन्यात पहिल्या वळवानंतर पाटाच्या दोन्ही काठांनी पेटणारे काजवे, यांच्या नोंदी एकदम थांबल्या नाहीत. त्या विरळ होत गेल्या. यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तीन संध्याकाळी, साडेसातपासून नऊपर्यंत, तळीजवळ बसले होते. तीन दिवसांत मिळून जेवढे काजवे दिसले तेवढे हाताच्या बोटांवर मोजता आले.

आपल्या राज्यात दुष्काळ हा शब्द कोणी वापरत नाही. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात तो वापरणे हास्यास्पदही वाटेल. पण हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने आपण डोंगराने साठवून ठेवलेल्या पाण्यावर काढतो. जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे माथ्यावरचे पठार, आणि त्याखालचा उतार हे पाणी पिऊन घेतात, झरीतून थोडे थोडे सोडतात, आणि अशा झरीच्या पायथ्याशी आपल्या पूर्वजांनी कुळागरे, म्हणजे पोफळी-माडांच्या बागा, केली. त्यामुळे कुळागरातला दुष्काळ आकाशातून येत नाही. पाऊस चांगला झालेल्या वर्षीही तो मार्चमध्ये येऊन उभा राहतो, कारण डोंगरावर मुरलेले पाणी आता पूर्वीइतके दिवस पुरत नाही, आणि जे पुरते ते जमिनीला लागत नाही.

यातल्या पहिल्या गोष्टीविषयी, म्हणजे डोंगरमाथ्यावरची झाडतोड, उतारांवरची खोदाई आणि बोअरवेल यांविषयी, ग्रामसभेत पुष्कळ बोलून झाले आहे. २००२ च्या गोवा भूजल नियमन कायद्यानुसार विहीर किंवा बोअरवेल खोदण्यापूर्वी परवानगी लागते. ती किती जणांनी घेतली आहे, हे पंचायतीने एकदा मागवून पाहावे, एवढेच मी म्हणते. मला बोलायचे आहे ते दुसऱ्या गोष्टीविषयी, कारण त्यात दोष माझाही आहे.

२०१४ मध्ये आम्ही कुळागरात ठिबक सिंचन बसवले. अनुदान मिळाले, शिंपण्याला माणसे मिळत नव्हती, आणि मातीच्या पाटातून निम्मे पाणी वाया जाते असे आम्हांला समजावून सांगण्यात आले. झरीच्या तोंडावर आम्ही सिमेंटची टाकी बांधली, तिथून पाइप काढला आणि प्रत्येक माडाच्या व पोफळीच्या बुंध्याशी नळी नेली. खर्च वाचला, उत्पन्न घटले नाही, आणि मामंजी असते तर त्यांनीही बहुधा हेच केले असते, कारण ते हिशेबी गृहस्थ होते. पाट ओस पडला. दुसऱ्या वर्षी त्यात पाचोळा भरला आणि चौथ्या वर्षी तो कुठून जात होता हे नव्या कामगाराला दाखवावे लागले.

जे पाणी वाया जाते असे आम्ही समजत होतो, ते नेमके कुठे जात होते, याचा विचार करायला मला पुढची कित्येक वर्षे लागली. मातीचा पाट दोन्ही बाजूंनी झिरपतो. त्याच्या काठाची वीत-दोन वीत माती मे अखेरपर्यंत ओली राही आणि त्या ओलीत कुर्लीचे बीळ असे, गांडूळ असे, गोगलगाय असे. काजव्याची अळी गोगलगायींवर जगते. नवरंग आणि कस्तूर पाचोळ्याखालचे किडे आणि गांडुळे वेचतात. पाणकोंबडीला काठ लागतो आणि चतुराला अंडी घालायला संथ पाणी लागते. ठिबकाची नळी बुंध्याभोवती परातीएवढे वर्तुळ ओले करते आणि दोन बुंध्यांमधली सगळी जमीन कोरडी ठेवते. झाडाला त्याचा हिस्सा मिळतो, कदाचित पूर्वीपेक्षा चांगला मिळतो. बाकीच्यांचा हिस्सा, जो कोणी कधी मोजलाच नव्हता, तो आम्ही पाइपमध्ये बंद केला. त्यात कोरडा पाचोळा पेट घेईल या भीतीने आम्ही तो झाडून जाळू लागलो. ही भीती खोटी नाही. २०२३ च्या फेब्रुवारीतले सरासरी कमाल तापमान देशाच्या नोंदींतल्या तोवरच्या सर्व फेब्रुवारींपेक्षा जास्त ठरले आणि पाठोपाठ मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात व आजूबाजूच्या रानात आगी लागल्या, तेव्हा त्या धुराचा वास आपण सर्वांनी घेतला आहे. पण पाचोळा ओला असता तर तो जाळावा लागला नसता.

आमच्यासारखीच गोष्ट गावातील बहुतेक कुळागरांची आहे. ज्यांनी ठिबक घातले नाही त्यांनी पाट सिमेंटचा करून घेतला, आणि सिमेंटच्या पाटात कुर्लीला बीळ करता येत नाही. त्यात पडलेला बेडूक गुळगुळीत भिंतीवरून वर चढू शकत नाही, हे मी शेजारच्या कुळागरात पाहिले आहे.

बांबर येथील निरंकाराच्या राईत ज्यांनी कधी पाय ठेवला असेल त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. आपल्या जायफळाच्या कुळातल्या रानटी झाडांचे ते दलदलीतले रान देवाच्या नावाने राखले गेले, म्हणून तिथली जमीन उन्हाळ्यातही पावलाखाली दबते. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मी तिथे गेले होते, तेव्हा जे आवाज ऐकले ते आमच्या कुळागरात मी नवी नवरी म्हणून आले त्या वर्षी ऐकू येत होते.

आता एका आक्षेपाकडे वळते, कारण तो मला घरातही ऐकावा लागतो. जनावरे कमी झाली कुठे, उलट वाढली आहेत, असे गावात सर्रास म्हटले जाते. खेती, म्हणजे माकडे, शहाळी फोडून टाकतात, रानडुक्कर केळी उपटते, गवे कुंपण मोडून तळीवर येतात, आणि जिथे कधी मोर पाहिला नव्हता तिथे मोर मिरचीची रोपे खुडून जातो. हे सर्व खरे आहे. आमचे नुकसान झाले आहे आणि भरपाईच्या अर्जांवर मीही सह्या केल्या आहेत. परंतु जी जनावरे वाढल्यासारखी दिसतात ती सगळी लांब चालू शकणारी, मोठी आणि माणसाची भीती मोडलेली आहेत. डोंगरातली पाणवठ्याची जागा आटली की गवा चार किलोमीटर चालत आमच्या तळीवर येतो. बेडूक आणि कुर्ली कुठे जाणार? मोर हा मुळात कोरड्या आणि उघड्या रानाचा पक्षी आहे, आणि तो कुळागरात वावरू लागला याचे कौतुक करण्याऐवजी मला धास्तीच वाटते. खेतींचा गोंगाट आणि काजव्यांची अनुपस्थिती या दोन तक्रारींचे मूळ बऱ्याच अंशी एकाच ठिकाणी, पाण्यात, आहे. फक्त पहिली तक्रार पंचायतीच्या दारात येऊन ओरडते, दुसरी येत नाही.

आणि हे फक्त आमच्या वाड्यावरचे दुखणे नाही. ज्या पक्ष्यांच्या दीर्घकालीन स्थितीविषयी पुरेशी माहिती होती अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जाती घटल्याचे भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील २०२३ च्या अहवालात नोंदले आहे, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. असे आकडे वाचले की माणूस हताश होतो किंवा पान उलटतो. आमच्या पाटाला मात्र त्या आकड्यांतले काहीही माहीत नाही. त्याला पाणी सोडले की तो ओला होतो.

जैवविविधता व्यवस्थापन समितीला माझी विशेष विनंती आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीला अशी समिती नेमायला सांगितले, आणि स्थानिक लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे समितीचे मुख्य काम ठरले. आपल्या गावची नोंदवही मी पंचायतीत बसून वाचली आहे. काम करणाऱ्यांनी कष्ट घेतले आहेत, विशेषतः औषधी वनस्पतींची पाने वाचण्यासारखी आहेत. पण ती पाहणी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत झाली. सप्टेंबरमध्ये आपल्या गावात बेडूक नाहीत असे कोण म्हणेल? नोंदवहीत झरींची नावे आहेत, मात्र कोणती झर कोणत्या महिन्यापर्यंत वाहते, हे कुठेही नाही. येत्या उन्हाळ्यात समितीने फक्त हे एक काम करावे: गावातील प्रत्येक झर, तळी आणि व्हाळातला (ओढ्यातला) प्रत्येक कोंड, म्हणजे खोल डोह, मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पाहून तिथे पाणी आहे की नाही आणि काय दिसले, एवढे लिहून ठेवावे. यासाठी तज्ज्ञ लागत नाही. शाळेतील मुले, गुराखी आणि माझ्यासारख्या बायका हे करू शकतात. मामंजींच्या वह्या मी समितीला वापरायला देईन; मूळ प्रती मात्र पंचायतीत ठेवणार नाही, कारण तिथल्या कपाटाचे छत गळते हे आपणही जाणता.

पंचायतीच्या हातात असलेली आणखी एक गोष्ट आहे. दर वर्षी मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वीची कामे म्हणून, व्हाळातला गाळ यंत्र लावून उपसला जातो. पूर येऊ नये म्हणून ते काम आवश्यक आहे, याबद्दल माझा वाद नाही. पण मे महिन्यात व्हाळाचे वाहते पाणी आटलेले असते आणि मासे, कुर्ल्या, बेडूक, चतुरांची पिल्ले, जे काही उरले असेल ते, वाड्याखालच्या तीन-चार कोंडांत जीव धरून असते. तेच कोंड आधी उपसून कोरडे केले जातात, कारण यंत्राला तिथे उतरायला सोपे जाते. गाळ काढायचा तर तो आधी, फेब्रुवारीत, पाणी थोडे वाहते असताना काढावा, आणि एका वर्षी सगळे कोंड एकदम न उपसता आळीपाळीने घ्यावेत. त्याच कोंडांत उन्हाळ्यात ब्लीचिंग पावडर टाकून मासे धरण्याचे प्रकार होतात. कोण करतो हे गावात सर्वांना ठाऊक आहे आणि नाव घेऊन मी वैर वाढवणार नाही, पण पंचायतीने एकदा बोलावून समज द्यावी. व्हाळाकाठच्या रस्त्यावरील नवे पांढरे दिवे मे आणि जूनमध्ये रात्री दहानंतर बंद ठेवता आले तर काजव्यांना मदत होईल, कारण नर-मादी एकमेकांना प्रकाशानेच ओळखतात. त्या रस्त्याने दहानंतर फारसे कोणी जात नाही. जे जातात त्यांच्याकडे विजेरी असते.

बागायतदार बंधुभगिनींनो, तुम्ही ठिबक काढून टाका असे मी म्हणत नाही. मीही काढणार नाही; माझ्याकडे शिंपायला माणसे नाहीत आणि माझे गुडघे आता पाटाच्या कामाचे राहिले नाहीत. माझे मागणे इतकेच आहे की जुन्या पद्धतीत जशी प्रत्येक घराची पाळी असे, तशी मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्यातून एक पाळी पाटाला, म्हणजे त्या मातीला, द्यावी. ज्यांचा पाट अजून मातीचा आहे त्यांनी तो सिमेंटचा करू नये. ज्यांनी केला आहे त्यांनी दहा-पंधरा पावलांवर एका बाजूने दगड रचून उतार ठेवावा, म्हणजे आत पडलेला जीव वर येईल. तळीचा एक कोपरा तरी न बांधलेला असावा. पाचोळा जाळण्यापेक्षा पोफळीच्या ओळींमध्ये पसरावा. आणि सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारल्यावर पिंप तळीत किंवा पाटात विसळू नये. त्यातले मोरचूद बेडूकमाशांना घातक असते, आणि आपण फवारतो ते नेमके त्यांच्याच दिवसांत. हे शेवटचे मी स्वतः वर्षानुवर्षे चुकवत आले आहे.

पाणी पुरणार नाही, अशी शंका काहींनी माझ्याशी बोलताना काढली. ती योग्यच आहे, आणि म्हणूनच हा विषय घराघरात न राहता ग्रामसभेत यायला हवा. एकाच झरीवर पाच-सहा कुळागरे अवलंबून आहेत. वरच्याने पाइपचे तोंड चोवीस तास उघडे ठेवले तर खालच्याने पाटाला कुठून पाणी द्यायचे? पूर्वी बांध घालायला सगळे एकत्र येत, वाद होत, आणि मग पाळ्या ठरत. पाइप आल्यापासून एकत्र यायचे कारणच उरले नाही. जुलैच्या ग्रामसभेत मी तसा ठराव लेखी देणार आहे: प्रत्येक झरीवरच्या बागायतदारांनी मिळून उन्हाळ्यातील पाळ्या ठरवाव्यात आणि त्यांत एक पाळी पाटासाठी राखावी. त्याला अनुमोदन लागेल. आतापर्यंत एकीनेच होकार दिला आहे.

आमच्या कुळागरात मी हे सुरू केले आहे. गेल्या महिन्यात दोन माणसे लावून पाट मोकळा करून घेतला आणि दर सोमवारी टाकीचा नळ दोन तास पाटाकडे वळवते. पहिल्या सोमवारी पाणी निम्म्या वाटेवरच मुरले. दुसऱ्या सोमवारी ते जुन्या आंब्यापर्यंत गेले. तिसऱ्या सोमवारी शेवटच्या पोफळीपर्यंत पोचले आणि त्याच रात्री, कंदील घेऊन गेले तेव्हा, काठाच्या ओल्या मातीत एक ताजे बीळ दिसले, तोंडाशी बारीक गोळ्यांचा ढीग असलेले. कुर्ली दिसली नाही. समासात मी तेवढेच लिहिले आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
वरच्या वाड्यावरील एक बागायतदार